कॅप्स लॉकचा दिवा

घरातला जुना संगणक चालतो आहे तोवर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मग एके दिवशी कीबोर्ड मुका होतो, नाहीतर माउसचा बाण कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, तीनशे-चारशे रुपयांची तर वस्तू, नवी आणा. दुसरा म्हणतो, आधी झालंय काय ते तरी कळू द्या.

इथे हे दोन पक्ष एका वहिनींचे आणि त्यांच्या दिरांचे आहेत. वहिनी चिपळूणला घरबसल्या डीटीपी करतात. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, एखाद्या शाळेची स्मरणिका असली कामं. मशीन २००६ सालचं, विंडोज एक्सपीवर चालणारं. त्यात पेजमेकर आहे, युनिकोड घरोघरी पोचण्याआधीचे मराठी फॉन्ट आहेत, आणि मागच्या प्रिंटर पोर्टात खोचलेलं सॉफ्टवेअरचं कुलूप आहे, ज्याला सगळे डोंगल म्हणतात. आजकालच्या मशीनला ते रुंद पोर्टच नसतं. जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली उघडायच्या तर हेच मशीन हवं. भाऊजींचं एकेकाळी असेंबल्ड संगणकांचं दुकान होतं, आता ते सीसीटीव्ही बसवतात. तेव्हा यात एक जाणकार आणि एक अडाणी असा मामला नाही. दोघांचेही हात या कामात मळलेले आहेत. मी फक्त अधूनमधून तोंड घालणार आहे.

भाऊजी : वहिनी, फोनवर म्हणालात ना कीबोर्ड बिघडला? हा घ्या नवा. यूएसबी आहे. जुना काढा, हा लावा, पाच मिनिटांचं काम.

वहिनी : बसा तर खरं. चहा ठेवलाय. नवा कधीही लावता येईल हो. मला आधी हे बघायचंय की बिघाड कीबोर्डात आहे की मशीनमध्ये.

भाऊजी : हेच मला पटत नाही. दुकानात लोक यायचे, तासभर निदान मागायचे आणि शेवटी कीबोर्डच बदलायचे. त्या तासाचे पैसे कोण देणार? कीबोर्डपेक्षा माझा तास महाग.

वहिनी : तुमचा असेल. माझा तास तर असाही जातोच आहे, पत्रिका अडकून पडली आहे. आणि समजा नवा लावला आणि तोही चालला नाही, मग?

भाऊजी : मग मशीनचा प्रॉब्लेम. मी तेच तर म्हणतोय. नवा कीबोर्ड हीच तपासणी.

वहिनी : तपासणी म्हणून आणला असेल तर माझी काही तक्रार नाही. उपाय म्हणून आणला असेल तर थोडं थांबा. मला काय दिसलं ते सांगते. पेजमेकरमध्ये काही जोडाक्षरं आपल्या फॉन्टला बटणांवर नाहीत, ती ऑल्ट धरून आकड्यांनी काढावी लागतात. ऑल्ट आणि ०१४९, असं. सोमवारपासून ती अक्षरं येईनात. त्यांच्या जागी भलतीच चिन्हं उमटायला लागली. मला वाटलं फॉन्ट बिघडला. फॉन्ट काढून पुन्हा टाकला. काही उपयोग नाही.

भाऊजी : फॉन्टच असणार. नाहीतर व्हायरस.

वहिनी : व्हायरस शून्य खातो का? नोटपॅड उघडलं आणि नंबर पॅडवरचा एकेक आकडा दाबून पाहिला. शून्य उमटतच नव्हता. म्हणजे मी ०१४९ दाबत होते आणि मशीनला १४९ ऐकू येत होतं. विंडोजमध्ये त्या दोन आकड्यांची अक्षरं वेगळी असतात. फॉन्ट बिचारा ठणठणीत होता. मग सगळी बटणं ओळीने दाबली. नंबर पॅडचा शून्य, वरच्या ओळीतला एक आकडा आणि मधली दोन अक्षरं, एवढी मेलेली निघाली. एकमेकांच्या शेजारी एकही नाही.

भाऊजी : मग झालंच. कीबोर्डच गेलाय.

वहिनी : आता म्हणा. मघाशी म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं.

इथे मी एकदा तोंड घालतो, कारण शेजारी नसलेली चार बटणं एकाच वेळी जाणं हे बाहेरून गूढ वाटतं. साध्या कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आत प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वाहक शाईच्या रेघा छापलेल्या, मधल्याला भोकं. बटण दाबलं की रबराची टोपी खाली बसते आणि भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. आडव्या आणि उभ्या रेघांची ही जाळी असते, आणि आतली छोटी चिप सेकंदाला कितीतरी वेळा ती जाळी तपासत राहते. एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम मरतात. ती जाळीवर शेजारी असतात, आपल्या बोटांखाली नसतात. कोकणातला दमटपणा या छापील रेघांना मानवत नाही. म्हणून "काही बटणं चालतात, काही नाही" असं दिसलं तर ड्रायव्हर, व्हायरस आणि विंडोज यांच्या नादी लागू नये. एकच बटण अडत असेल तर मात्र बहुधा त्याच्या टोपीखाली कचरा असतो.

भाऊजी : बरं, तुमचं सोपं होतं. पण अख्खा कीबोर्डच मेला असता तर काय केलं असतं? दाबून बघायला एक बटण चालायला हवं ना.

वहिनी : कॅप्स लॉक.

भाऊजी : कॅप्स लॉकने काय होतं?

वहिनी : दिवा. लोकांना वाटतं बटण दाबलं की कीबोर्ड स्वतःच दिवा लावतो. तसं नाही. बटण दाबलं की संदेश मशीनकडे जातो, मशीन ठरवतं कॅप्स लॉक चालू झाला, आणि ते उलट कीबोर्डला सांगतं, दिवा लाव. म्हणजे दिवा लागला तर जाणारी वाट ठीक, येणारी वाट ठीक, कीबोर्डातली चिप जिवंत, आणि मशीन शुद्धीवर. एका बटणात चार गोष्टी कळल्या.

भाऊजी : आणि नाही लागला तर?

वहिनी : तर मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं आणि त्या तीन दिव्यांकडे बघायचं. वीज मिळाली की कीबोर्ड आधी स्वतःची चाचणी घेतो आणि तिन्ही दिवे क्षणभर लुकलुकतात. लुकलुकले म्हणजे त्याला वीज पोचते आहे. आणि काम करता करता दिवा दाद देईनासा झाला, पण चालू करताना लुकलुकतो, तर कीबोर्ड मेलेला नसतो, विंडोज गोठलेलं असतं. अशा वेळी नवा कीबोर्ड लावला असता तर तोही मुकाच राहिला असता, आणि तुम्ही म्हणाला असतात मदरबोर्ड गेला.

भाऊजी : म्हणालो असतो. म्हणायचोच. पण एक तुमच्याही लक्षात असू द्या, मी दुकानात एकच प्रश्न विचारायचो : "डिलीट दाबून बायॉसमध्ये जाता येतं का?" जाता येत असेल, तिथे बाण हलत असतील आणि विंडोजमध्ये मात्र कीबोर्ड चालत नसेल, तर कीबोर्ड द्यायचोच नाही. ते विंडोजचं दुखणं.

वहिनी : बघा, म्हणजे तुम्हीही निदान करत होतात.

भाऊजी : एका प्रश्नाचं. तासाभराचं नाही. आणि विंडोजचं दुखणं बहुतेक वेळा दुखणं नसायचंच. एकदा एक मास्तर आले, म्हणे कीबोर्ड हळू चालतो, बटण धरून ठेवलं तरच अक्षर येतं. त्यांनी विचार करता करता उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली होती, फिल्टर कीज सुरू झालेल्या. नवा कीबोर्ड घ्यायलाच आलेले. पाच मिनिटांत परत पाठवले, पैसे घेतले नाहीत.

वहिनी : असली खूप आहेत. शिफ्ट पाचदा दाबली की स्टिकी कीज. डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबले गेले की नंबर पॅड माउसचा बाण हलवायला लागतो. इन्सर्टला हात लागला की नवं अक्षर जुन्याला खात सुटतं. आणि मराठीवाल्यांचं ठरलेलं, डावा ऑल्ट आणि शिफ्ट. इन्स्क्रिप्ट सुरू होतं, मग ई दाबला की काना उमटतो आणि माणूस म्हणतो कीबोर्डला भूत लागलं.

भाऊजी : तुमच्या या कीबोर्डवर ई राहिलाय कुठे? पुसला गेलाय.

वहिनी : जाणारच. इंग्रजीत ई सगळ्यात जास्त लागतो आणि इन्स्क्रिप्टमध्ये त्याच बटणावर काना. दोन्ही भाषांचा मार एकट्यानेच खाल्लाय त्याने. मी मराठी टाइपरायटरवर शिकलेली, हात जड आहे. म्हणून मला तो टीव्हीएस गोल्ड बरा वाटायचा, प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच, टकटक आवाज. सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत असायचा तो. एक बटण गेलं तर एकच जायचं.

भाऊजी : त्याची किंमतही बघा ना. त्यात असले पाच-सहा साधे कीबोर्ड येतील.

वहिनी : येतील, आणि पाच-सहा वेळा काम अडेल.

(हा वाद इथे मिटत नाही, आणि मिटवायचंही कारण नाही. दिवसाला आठ तास टंकलेखन करणाऱ्याचं गणित आणि महिन्यातून एकदा वीजबिल भरणाऱ्याचं गणित एक नसतं.)

भाऊजी : बरं, कीबोर्ड राहू दे. हा माउस बघा. एकदा क्लिक केलं तर फोल्डर उघडतंय. दोनदा क्लिक झाल्यासारखं.

वहिनी : ते मला माहीत आहे. चित्र ओढून नेताना मधेच हातातून सुटतं. मजकूर निवडताना निम्म्यावरच सुटतो. कंट्रोल पॅनेलमध्ये डबल क्लिकचा वेग कमी-जास्त करून पाहिला, फरक नाही.

भाऊजी : इथे तरी निदान नको. हा माउस गेला.

वहिनी : एक मिनिट. कंट्रोल पॅनेलमध्ये डावं-उजवं बटण अदलाबदल करते. आता उजव्या बटणाने फोल्डर उघडून बघा. एकदा क्लिक केलं, निवडलं गेलं. दोनदा केलं, उघडलं. नीट. म्हणजे सॉफ्टवेअर ठीक, डाव्या बटणाखालचा स्विच खराब.

भाऊजी : मी बघताक्षणी म्हणालो होतो. त्या स्विचमध्ये तांब्याच्या मिश्रधातूची बारीक पट्टी असते, टक् करून उलटते. दाबून दाबून ती थकते, संपर्क मळतो, आणि एकदा टेकण्याऐवजी थरथरत दोनदा टेकते. मशीनला दोन क्लिक दिसतात. स्विच बदलायला डाग द्यायला लागतो, तीन पाय सोल्डर करायचे. तुम्ही करणार?

वहिनी : नाही.

भाऊजी : मग नवा माउस. इथे तरी ऐका माझं.

वहिनी : ऐकते. पण आज पत्रिका संपेपर्यंत उजवंच बटण मुख्य ठेवते. काम तर चालेल.

इथे मी भाऊजींच्या बाजूचा आहे. माउसचा स्विच थकला तर तो पुसून, फुंकून, आपटून बरा होत नाही, झाला तरी चार दिवस. जुन्या गोळीच्या माउसची गोष्ट वेगळी होती. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास केलेल्या पहिल्या लाकडी माउसला खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं होती, एक आडव्या हालचालीचं आणि एक उभ्या. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्टनी माउस जाहीरपणे चालवून दाखवला. पुढे चाकं आत गेली, त्यांच्या जागी दोन बारीक रूळ आले आणि खाली रबरी गोळी. पण मूळ कल्पना तीच, म्हणून बिघाडही तसाच वाचता यायचा. बाण वर-खाली नीट जातो पण आडवा अडकतो, म्हणजे एका विशिष्ट रुळावर धुळीची आणि हाताच्या घामाची कडक रिंग बसलेली. खालची चकती फिरवून गोळी काढायची, नखाने ती रिंग खरवडायची, स्पिरिटचा बोळा फिरवायचा. ज्यांचं शिक्षण नव्वदच्या दशकातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये झालं त्या सगळ्यांनी हे केलेलं आहे. (आणि गोळी चोरीला जाऊ नये म्हणून क्लासवाल्याने चकतीला चिकटपट्टी लावलेलीही पाहिली आहे.)

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्स्प्लोरर आला आणि त्यानंतर गोळी हळूहळू गेली. लाल दिव्याच्या माउसमध्ये खाली एक इवलासा कॅमेरा असतो. तो टेबलाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि लागोपाठच्या दोन फोटोंत पृष्ठभाग किती सरकला हे मोजतो. त्याला फोटोत काहीतरी दिसायला हवं. काचेच्या टेबलावर काही दिसत नाही, म्हणून बाण उड्या मारतो किंवा बसून राहतो. भिंगात एक केस अडकला तरी बाण थरथरतो. तेव्हा लाल दिवा लागलेला असताना बाण नीट चालत नसेल, तर आधी खाली साधा कागद घालावा आणि माउस उलटा करून भिंगात बघावं. तार हलवली की दिवा जातो-येतो, असं असेल तर तार माउसात शिरते तिथे आतून तुटलेली असते. याउपर माउसवर डोकं लढवण्यात अर्थ नाही.

भाऊजी : चला, आता लावतो कीबोर्ड. तुमचा जुना कुठल्या पोर्टात आहे?

वहिनी : जांभळ्या. हिरव्यात माउस. आणि थांबा, मशीन चालू आहे, पीएस-टू तसाच उपटू नका. आधी शट डाऊन.

भाऊजी : काही होत नाही हो. शेकडो वेळा काढलेत मी.

वहिनी : आणि त्यातले किती पुन्हा चालले?

भाऊजी : ... रिस्टार्ट केल्यावर चालायचे.

वहिनी : कारण मशीन चालू होतानाच विचारतं, जांभळ्यात कोण आहे, हिरव्यात कोण आहे. नंतर आलेल्याची ते दखल घेईलच असं नाही. यूएसबीसारखं कधीही काढा-घाला करण्यासाठी ते पोर्ट केलेलंच नाही. आणि तुम्हीच मला मागे सांगितलं होतंत, त्या दोन्ही पोर्टांची पाच व्होल्टची वाट मदरबोर्डवरच्या एका बारीक फ्यूजमधून जाते.

भाऊजी : हो, बऱ्याच बोर्डांवर जाते. म्हणून कीबोर्ड आणि माउस दोन्ही एकाच क्षणी गेले असं कोणी सांगितलं, की मी दोन्ही विकायचो नाही. दोघं एकदम मरत नाहीत. बोर्डाकडे बघायचं. तिथे डोक्यावर फुगलेले कॅपॅसिटर दिसले तर गिऱ्हाइकाला खरं सांगून टाकायचं. त्या सुमाराच्या बोर्डांवर ते फार फुगायचे.

हे पोर्ट १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस-टू या संगणकांबरोबर आलं, आणि त्यामागची मूळ व्यवस्था त्याहून जुनी, १९८४ च्या पीसी-एटीतली, ८०४२ नावाच्या इंटेलच्या चिपची. ती चिप कधीच दुसऱ्या चिपांच्या पोटात गेली, पण विंडोजमध्ये पीएस-टूच्या ड्रायव्हरच्या नावात तो आकडा अजून आहे. जांभळा आणि हिरवा हे रंग तर पीसी ९९ या मार्गदर्शिकेने ठरवले. त्याआधी दोन्ही भोकं सारखीच काळी असायची आणि कीबोर्ड माउसच्या जागी लावून "मशीन गेलं" म्हणणारी माणसं पुष्कळ होती. रंग नसलेल्या फार जुन्या मशीनशी कोणाची गाठ पडलीच, तर आधी अदलाबदल करून बघावी. मात्र मशीन बंद करून, आणि प्लगच्या सहा पिनांपैकी एखादी वाकलेली नाही ना ते उजेडात पाहून.

भाऊजी : केलं बंद. आता मागे हात घालतो... आयला!

वहिनी : काय झालं?

भाऊजी : मुंग्या. कॅबिनेटला हात लागला आणि झणझण झालं. वहिनी, तुमचं अर्थिंग नाहीये.

वहिनी : पावसाळ्यात होतं असं कधीकधी. मी चप्पल घालून बसते.

भाऊजी : चप्पल हा उपाय नाही! आता माझं ऐका, इथे मी मस्करी करत नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये आवाज गाळायला दोन छोटे कॅपॅसिटर असतात, ते दोन्ही तारांतून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थ असेल तर तिकडून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थ नसेल तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे एकशे दहा-पंधरावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी, म्हणून मुंग्या. टेस्टर लावलात तर दिवा लागेल. आता विचार करा, प्रिंटर दुसऱ्या बोर्डावर लावलेला, त्याचं अर्थिंग वेगळं, आणि तुम्ही मशीन चालू असताना केबल खोचलीत. तो फरक त्या नाजूक पोर्टातूनच धावणार. पोर्ट जळलेली मशीन्स मी किती बघितलीत! लोक कीबोर्ड बदलत बसतात.

वहिनी : म्हणजे कीबोर्डच्या आधी वायरमन.

भाऊजी : आधी. आणि हे एक्स्टेन्शन कोणी आणलं? तीन भोकं आहेत, पण मागचा प्लग दोन पिनांचा. तिसरं भोक शोभेला.

वहिनी : बघा, म्हणजे तुम्हीही कारण शोधता.

भाऊजी : शॉक बसला की सगळे शोधतात.

गंमत बाजूला ठेवली तर या सबंध संभाषणातला सगळ्यात महत्त्वाचा शोध हाच. बिघडलेल्या कीबोर्डने फक्त काम अडतं. अर्थ नसलेलं घर हा वेगळ्या तोडीचा प्रश्न आहे, आणि तो भाऊजींना सापडला, निदान करत बसायचं नाही म्हणणाऱ्यांना. भिंतीतल्या बोर्डापर्यंत खरोखर अर्थ येतो आहे का हे वायरमनकडून मोजून घ्यावं. तिसरं भोक दिसतं म्हणून मागे तार असेलच असं जुन्या घरांत धरून चालत नाही.

भाऊजी : सध्या भिंतीतला मुख्य स्विच बंद करून तुमचा पीएस-टू काढतो, माझा यूएसबी लावतो. झालं. आता करा चालू.

वहिनी : केलं. वाचा काय लिहिलंय.

भाऊजी : "सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड." खाली कीबोर्डचा एरर. आणि "पुढे जायला एफ-१ दाबा."

वहिनी : दाबा ना.

भाऊजी : दाबतोय. काही होत नाही.

वहिनी : मग परत दाबा.

भाऊजी : वहिनी, तुम्ही हसताय. तुम्हाला माहीत होतं?

वहिनी : निम्मं. वळिवाचा पाऊस सुरू झाल्यापासून विजा कडाडल्या की मी भिंतीतला स्विच बंद करते, आणि सकाळी मशीन २००६ चा जानेवारी दाखवतं. एफ-१ दाबायचं, तारीख नीट करायची, पुढे जायचं. तेवढं अंगवळणी पडलंय. पण तुमचा कीबोर्ड एफ-१ दाबणार नाही हे नव्हतं माहीत.

भाऊजी : सेल संपलाय! मदरबोर्डवरचा, तो रुपयाएवढा. सीआर २०३२. भिंतीतला स्विच चालू असतो तोवर पॉवर सप्लायची थोडी वीज बायॉसच्या आठवणीला जपते, म्हणून रोज कळत नाही. स्विच बंद केलात की सगळी सेटिंग्ज गेली, कारखान्यातून आली तशी झाली. आणि या वयाच्या बोर्डांत कारखान्यातून येताना "यूएसबी कीबोर्ड सपोर्ट" बऱ्याचदा बंद असायचा. विंडोज सुरू झालं की यूएसबी कीबोर्ड चालतो, विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर असतो. पण विंडोजपर्यंत पोचायला एफ-१ हवा, आणि एफ-१ दाबायला...

वहिनी : पीएस-टू हवा.

भाऊजी : हो.

वहिनी : म्हणजे तुमचा नवाकोरा कीबोर्ड आत यायला माझ्या मोडक्याची परवानगी पाहिजे.

भाऊजी : असं म्हणा हवं तर. पण तुमच्या मोडक्याची चार बटणं मेलीत.

वहिनी : त्यांत एफ-१ नाही, डिलीट नाही, बाण नाहीत आणि एंटरही नाही. बायॉसला अजून काय लागतं?

भाऊजी : एफ-१०. सेव्ह करायला.

वहिनी : तोही आहे. बंद करा मशीन, लावा परत जांभळ्यात.

भाऊजी : लावला. डिलीट दाबा. आता "इंटिग्रेटेड पेरिफेरल्स"मध्ये जा. खाली, अजून खाली. यूएसबी कीबोर्ड सपोर्ट, डिसेबल्ड. एनेबल्ड करा. थांबा, एफ-१० नको एवढ्यात. सेल नसताना सेव्ह केलंत तर पुढच्या विजेला पुन्हा जाईल. घड्याळवाल्याकडे मिळेल तो सेल, मीच आणतो. आधी सेल, मग सेटिंग.

वहिनी : आधी वायरमन, मग सेल, मग सेटिंग, मग कीबोर्ड. तुम्ही आलात तेव्हा पाच मिनिटांचं काम होतं.

भाऊजी : ते कीबोर्ड लावायचं. ते पाच मिनिटांतच झालं. बाकीचं तुमच्या घरात आधीपासून होतं.

वहिनी : हे मात्र खरं.

भाऊजी : आणि एक विचारू? अठरा-वीस वर्षांचं मशीन, सेल संपलेला, अर्थ नाही, कीबोर्ड अर्धा मेलेला. हार्ड डिस्क तीच ना, पहिलीच?

वहिनी : तीच.

भाऊजी : फायलींची दुसरी प्रत?

वहिनी : काही सीडींवर आहेत. जुन्या.

भाऊजी : त्या सीडी उघडतात का ते पाहिलंय? कीबोर्ड गेला तर दुकानात मिळतो. पतसंस्थेचे पंधरा वर्षांचे अहवाल कुठल्या दुकानात मिळतील? आत्ता एफ-१ दाबून विंडोजमध्ये जा. पेन ड्राइव्ह आहे माझ्याकडे, मागच्या पोर्टात लावा, पुढचं नको, त्याची आतली वायर ढिली असते. आधी फायली उतरवू, मग मी सेल आणायला जातो.

वहिनी : फॉन्टचं फोल्डरही घ्या. त्याशिवाय त्या फायली म्हणजे नुसती चिन्हं.

भाऊजी : घेतो. आणि सगळं झालं की हा जुना कीबोर्ड मला द्या, ई-कचऱ्यात देतो.

वहिनी : तो कपाटावर राहील. पुढचा सेल संपेल तेव्हा एफ-१ कोण दाबणार?